मालाचं नंतर बघू

आमच्या भाच्याने कंपनी काढली आहे. थालीपिठाच्या भाजणीची. लोगो झाला, घोषवाक्य झालं, कार्डावर 'फाउंडर अँड सीईओ' छापून आलं, आणि इन्स्टाग्रामवर 'लवकरच येत आहे' ही पाटी दिवाळीपासून झळकते आहे. राहिली आहे ती फक्त भाजणी.

"मामा, माल काय, कोणीही करतो," तो मला समजावतो. "लोक ब्रँड विकत घेतात."

हे ज्ञान त्याला एका तारांकित हॉटेलच्या हॉलमध्ये मिळालं. पहिले तीन तास फुकट होते आणि त्यात वक्त्याने एवढंच पटवलं की, उद्योजक व्हायला कुठल्याही शिक्षणाची गरज नसते. हे नीट शिकायचं असेल तर पुढचा कोर्स घ्यावा लागतो. फी ४९,९९९ रुपये, जीएसटी वेगळा. ताईने एफडी मोडली. भाच्याने एमबीए 'नाकारलं', असं त्याच्या बायोमध्ये लिहिलेलं आहे. कॅटच्या निकालाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

कोर्सचा पहिला गृहपाठ म्हणजे 'फाउंडर स्टोरी'. तिच्यात हलाखी लागते. पोराची पंचाईत झाली. कोथरूडच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हलाखी आणायची कुठून? शेवटी त्याने आजीला जात्यावर बसवलं. 'पहाटे चारला आजीच्या जात्याची घरघर ऐकत मी मोठा झालो.' आमच्या आईचा जन्म गिरणीवाल्याशी भांडण्यात गेला. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू आमच्या भाजणीत गेले, ही तिची कायमची तक्रार. पण भांडणाला लाइक मिळत नाहीत, जात्याला मिळतात.

मग पाऊच आला. मॅट फिनिश, त्यावर वारली चित्रं, खाली 'गिल्ट-फ्री'. नावाच्या डोक्यावर वर्तुळातला 'आर'. "ट्रेडमार्कची नोंदणी झाली का रे?" "अर्ज करायचाय." नोंदणी नसताना ते चिन्ह मिरवणं कायद्याने गुन्हा आहे, म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जुन्या पिढीकडे बघतात तसं बघितलं. निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाचा महिना यांना पाऊचवर जागाच नव्हती. लिहिलं की म्हणे डिझाइन गचाळ दिसतं.

"लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे कुठे होती बिझनेसची डिग्री?" हा त्याचा हुकमी एक्का. नव्हतीच. ते जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, आणि पुढे बेळगावात सायकलचं दुकान काढलं. वक्त्याची स्लाइड इथे संपते. नंतर त्यांनी लोखंडी नांगर केला, लोखंडाने जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात, आणि दोन वर्षं नांगर खपला नाही, हे स्लाइडवर मावलं नसावं. दोन वर्षांत आजचा फाउंडर तीनदा 'पिव्हट' करतो आणि मग अपयशावर पॉडकास्ट काढतो.

मी त्याला लिज्जतची गोष्ट सांगितली. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि गच्चीवर पापड लाटले. पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. सुरुवातीला स्वस्तातला आणि चांगला असे दोन प्रकार करत होत्या. ते ८० रुपये उसने देणाऱ्या छगनबाप्पा पारेखांनी बजावलं की माल एकाच दर्जाचा ठेवा आणि हिशेब चोख. नाव सुचायला तर १९६२ उजाडलं. त्यासाठी स्पर्धा घेतली, बक्षीस पाच रुपये. पाच रुपयांत 'लिज्जत'! भाच्याच्या ब्रँड कन्सल्टंटने नुसतं 'नमस्ते' म्हणायचे याहून जास्त घेतले असतील.

भाचा भारावून ऐकत होता. मला वाटलं, पोचलं. तो म्हणाला, "खाट! काय व्हिज्युअल आहे मामा! पापड नसले तरी शूट करूया."

भाजणी ताई करते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची आच वेगळी. धणे-जिरे शेवटी, गॅस बंद केल्यावर कढईच्या उरलेल्या उष्णतेवर. सोसायटीतल्या बायका तिच्याकडून डबे भरून नेतात, लोगो न विचारता. भाचा या सगळ्याला 'ऑपरेशन्स' म्हणतो. ताईने त्याच्यापुढे कढई ठेवली. "तू भाज. पहिला घाणा करपेल, दुसरा कच्चा राहील, तिसऱ्याला हात दुखेल. मग बोलू."

"आई, फाउंडरने स्वतः भाजायचं नसतं. स्केल होत नाही ते."

"मग माझी भाजणी रोख पैसे देऊन ने," ताई म्हणाली. "तुलाही तोच भाव."

म्हणून काल तो माझ्याकडे आला, लॅपटॉप उघडून. दहा टक्के भागीदारी, पाच लाख रुपये. म्हणजे न भाजलेल्या भाजणीची एकूण किंमत पन्नास लाख. शेवटच्या पानावर २०३० सालचा आलेख होता, छताकडे निघालेला. मी पाकीट काढलं आणि पन्नासाची एक, वीसची एक, दहाची एक अशा नोटा टीपॉयवर ठेवल्या. "गिरगावचा दर," म्हटलं. "व्याज नको."

तो नोटांकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"मामा, हे सीड फंडिंग म्हणून पोस्ट करू? रक्कम नाही लिहीत. 'अनडिस्क्लोज्ड' टाकतो."