‘हिअर’ घराण्याचा गौरव

इंग्रजी करारनाम्यातील ‘हिअर’ घराण्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. हिअरबाय म्हणजे याद्वारे, हिअरविथ म्हणजे यासोबत, हिअरटुफोर म्हणजे आजवर, हिअरिनबिफोर म्हणजे या कागदात वर कुठेतरी आणि हिअरिनआफ्टर म्हणजे खाली कुठेतरी. नेमके कुठे, हे न सांगण्यातच या घराण्याची खानदानी अदब आहे. बोलण्यातून हे शब्द केव्हाच उठले. पण पुण्या-मुंबईच्या भाडेकराराच्या पहिल्याच परिच्छेदात घरमालक ‘हिअरिनआफ्टर’ लायसेन्सर होतो, तेव्हा दोन खोल्यांनाही वाड्याचे वजन येते.

हा लाभ केवळ भाडेकरूंपुरता का ठेवावा? बारशाच्या पत्रिकेत ‘हिअरिनआफ्टर बाळ’ अशी तरतूद असावी. भाजीवालीने कोथिंबीर ‘हिअरविथ’ द्यावी, आणि ‘हिअरटुफोर’ फुकट मिळत होती म्हणून हक्क सांगणाऱ्यास परिशिष्ट दाखवावे.

काही अरसिक मंडळी सोप्या भाषेचा हट्ट धरतात. त्यांनी खचू नये. त्यांच्यामागे भक्कम परंपरा आहे. लोकांना फ्रेंच कळत नाही, म्हणून न्यायालयात युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, असा कायदा इंग्लंडने १३६२ मध्येच केला. कायदा अर्थातच फ्रेंचमध्ये लिहिला होता. न्यायालयाचे कागद सक्तीने इंग्रजीत यायला १७३३ उजाडले. तेव्हा आपणही साध्या भाषेचा ठराव आजच करावा. मसुदा ‘हिअरअंडर’ जोडला आहे. अर्थ लावून देण्याची फी वेगळी.