असू दे, लागलं तर

तिपाईकर हे आडनाव कोणत्याही मतदारयादीत नसेल, पण पुणे, मुंबई किंवा नागपूरच्या विमानतळावर पहाटेच्या फ्लाइटसाठी सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहिलं की तिपाईकर दिसतातच. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी बँकेत किंवा आयटीत, नाहीतर नुकतीच स्वेच्छानिवृत्ती, मुलं मार्गी लागलेली आणि अंगात मोजता येणार नाहीत इतक्या खिशांचं खाकी जॅकेट. डोक्यावरची टोपी ताडोबाची, निघालेले भरतपूरला. भिगवणचे रोहित त्यांनी इतक्या रविवारी टिपलेत की आता रोहितही त्यांना ओळखत असावेत. पाठीवरची बॅग लांबून साधी सॅक वाटते, पण ती खाली ठेवताना तिपाईकर असे वाकतात की बघणाऱ्याने आपोआप श्वास रोखावा. आत दोन कॅमेरे, एकटीच दोन किलोच्या घरात जाणारी दीडशे-सहाशेची झूम, एक वाइड लेन्स, चार्जर, वायरींचं भेंडोळं आणि तळाच्या चेनच्या कप्प्यात एका प्लास्टिकच्या डबीत त्यांचा खरा जीव: ॲलन कींचा जुडगा, चष्म्याच्या दुकानात असतात तसले बारीक पेचकस, बोटभर पकड, चिमटा, केबल टाय, ट्रायपॉडचे जास्तीचे पाव इंची स्क्रू आणि एक मल्टिटूल. घरातून निघताना सौभाग्यवती विचारतात, "अहो, फोटो काढायला चाललाय की गॅरेज टाकायला?" तिपाईकरांचं उत्तर ठरलेलं असतं. "असू दे गं, लागलं तर."

या माणसाची सिक्युरिटीच्या टेबलापाशी होणारी शोभा बघून रांगेतल्या लोकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बिचारा कलावंत माणूस, या गणवेशवाल्यांना लेन्स आणि लोटा यांतला फरक काय कळणार! दुसरा म्हणतो, कोण हा इसम हत्यारं घेऊन विमानात चढणारा, आमची फ्लाइट चुकवणार! दोन्ही तटांचं एका बाबतीत एकमत आहे, की टेबलाच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा जवान हे एकमेकांचे उलटे आहेत. माझं म्हणणं नेमकं याच्या विरुद्ध आहे. त्या अख्ख्या विमानतळावर एकाच जातकुळीची दोन माणसं शोधायची झाली, तर ती या टेबलाच्या दोन बाजूंना सापडतील. दोघांचाही धर्म 'लागलं तर' आणि 'झालं तर' यांवर उभा आहे. जे बहुधा होणार नाही, त्याच्यासाठी रोज तयार राहायचं, हे दोघांचं व्रत. त्यामुळे त्यांचं भांडण हे भावाभावाचं भांडण आहे, आणि तशा भांडणाला असते तेवढी कटुता त्यालाही असते.

पुरावा म्हणून आधी दोघांचा साठा कसा वाढला ते पाहू. तिपाईकरांच्या डबीतली एकही वस्तू हौसेने आलेली नाही. प्रत्येकीमागे एक अपघात आहे. कधीतरी ऐन सूर्योदयाला कॅमेऱ्याखालची प्लेट सैल झाली आणि सारस उडून गेला, तेव्हा ॲलन की आली. लेन्सच्या कॉलरचा स्क्रू कच्छच्या रणात पडला, तेव्हा जास्तीचे स्क्रू आले. बॅटरीचं झाकण मोडलं, तेव्हा टेप आली आणि टेप कापायला मल्टिटूल आलं. अपघात एकदाच झाला, उपाय कायमचा बॅगेत राहिला. आता पलीकडे बघा. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेलं आपलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं आणि त्यानंतर फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जायला सुरुवात झाली. सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर खिशातल्या चाकूंवर जगभर गदा आली. त्याच वर्षी डिसेंबरात एका प्रवाशाने बुटात स्फोटकं दडवली आणि पुढे 2006 मध्ये अमेरिकेत सगळ्यांचे बूट उतरले. ते पुन्हा पायात राहू देण्याचा निर्णय व्हायला 2025 चा जुलै उजाडला. ऑगस्ट 2006 मध्ये पेयाच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला आणि द्रवपदार्थ 100 मिलिलिटरच्या बाटलीत जाऊन बसले. म्हणजे सुरक्षेची नियमावली हीदेखील एक डबीच आहे. बुटाचा नियम बाहेर पडायला जवळजवळ एकोणीस वर्षं लागली, तर तिपाईकरांची ॲलन की अजून बॅगेत आहे याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरा पुरावा एक्स-रेच्या पडद्यावर आहे. त्या पडद्याला तिपाईकरांचा प्रामाणिक चेहरा दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त घनता. कापड, कागद, अन्न वगैरे सेंद्रिय गोष्टी नारिंगी, धातू निळा, मधलं काही हिरवं, आणि ज्याच्यातून किरण पारच होत नाहीत ते काळं. तिपाईकर जागा वाचावी म्हणून झूमच्या पोटाशी दुसरी लेन्स, तिच्यावर कॅमेरा आणि फटीत बॅटऱ्या अशी रचना करतात. घरी पलंगावर ती रचना नेटकी वाटते. पडद्यावर मात्र काळ्या-निळ्या नळकांड्यांचा ढीग, त्यातून निघणाऱ्या वायरी, शेजारी बॅटऱ्या, इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि कोपऱ्यात धूळ उडवायचा रबरी फुगा उमटतो, ज्याला बाजारात नावही रॉकेट ब्लोअर असंच आहे. जवानाला प्रशिक्षणात जे शोधायला शिकवलं, त्यातलं बहुतेक साहित्य एका बॅगेत हजर. वर अनेक यंत्रांतलं सॉफ्टवेअर अधूनमधून पडद्यावर मुद्दामच खोट्या पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं चित्र घुसवतं, बघणाऱ्याची नजर सुस्तावू नये म्हणून. धोका नसताना धोक्याची तालीम करणं म्हणजे काय, हे तिपाईकरांना समजावून सांगायची गरज पडू नये. प्रवासाच्या आदल्या रात्री सगळं सामान सतरंजीवर मांडून, प्रत्येक स्क्रू फिरवून, पुन्हा भरून, झोपताना "ती छोटी की घेतली ना?" म्हणून परत उठणारा माणूस दुसरं काय करत असतो? मग "ये बैग किसका है?" ही हाक आली की त्यांचा चेहरा पडतो, पण तोच प्रश्न त्यांनी स्वतःला रात्रभर विचारलेला असतो.

यावर तिपाईकरांचा पहिला आक्षेप तयार असतो आणि तो वजनदार आहे. त्यांचं म्हणणं, नियमांत काही ताळमेळ आहे का? युरोपात पात्याची किंवा दांड्याची लांबी 6 सेंटिमीटरच्या वर गेली की पेचकस हातबॅगेतून बाद. अमेरिकेत 7 इंचांपर्यंतची अवजारं हातबॅगेत चालतात. म्हणजे दहा सेंटिमीटरचा तोच पेचकस पॅरिसला शस्त्र आणि न्यूयॉर्कला अवजार. आपल्याकडे तर पेचकस आणि पकड हातबॅगेत दिसले की चर्चाच संपते. आजोबांची चालायची काठी विमानात जाते, पण एकपायी मोनोपॉडकडे संशयाने पाहिलं जातं, आणि ट्रायपॉडचं भवितव्य टेबलापाशी त्या क्षणी कोण उभं आहे यावर ठरतं. आक्षेप खरा आहे. पण अवजार आणि हत्यार यांच्यामध्ये निसर्गाने रेघ आखलेली नाही. कुठेतरी आकडा लिहायला लागतोच, आणि दोन ठिकाणचे लोक दोन आकडे लिहितात. शिवाय विसंगतीचा आरोप करणाऱ्याने आधी स्वतःची डबी उघडावी. तिच्यात तीन ॲलन की एकाच मापाच्या आहेत, पण ज्या ट्रायपॉडसाठी त्या घेतल्या तो दोन वर्षांपूर्वी भाच्याला दिलाय. जास्तीचे स्क्रू पाच आहेत, जास्तीचं मेमरी कार्ड मात्र घरी टेबलावर राहिलंय. भीतीचा हिशोब कुणाचाच जुळत नाही, सरकारचाही नाही आणि तिपाईकरांचाही नाही.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. तिपाईकर म्हणतात, हत्यारं चेक-इनमध्ये टाका म्हणता, मग बॅटऱ्याही टाकतो. तर नाही, सुट्या बॅटऱ्या हातातच पाहिजेत. लेन्स खाली टाकायची आमची छाती होत नाही, आणि वर तर 7 किलोंची मर्यादा. माणसाने करावं तरी काय? ते काय करतात हे चेक-इन काउंटरवर दिसतंच: वजनाच्या काट्यापाशी बॅग हलकी होते आणि जॅकेट जड. दोन लेन्स, चार्जर आणि दुर्बीण खिशांत गेल्यावर तिपाईकर स्वतःच हातसामान होतात; पुढे सिक्युरिटीला जॅकेटही ट्रेमध्ये काढून ठेवावं लागतं तेव्हा ते सोललेल्या शेंगेसारखे दिसतात. पण बॅटरीच्या नियमाला लहर म्हणता येणार नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर ती डोळ्यांसमोर पेटलेली बरी, म्हणजे विझवता येते. विमानाच्या पोटात ती कोण बघणार? म्हणून 100 वॉट-अवरपर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या हातबॅगेत, 100 ते 160 मधल्या दोनच, त्याही विमान कंपनीला विचारून. व्होल्टला मिलिअँपिअर-अवरने गुणा आणि हजाराने भागा. कॅमेऱ्याची 7.2 व्होल्टची 2,280 ची बॅटरी सोळाच्या थोडी वर जाते, 3.7 व्होल्टची 20,000 ची पॉवर बँक 74 वर थांबते आणि 30,000 ची 111 वर जाऊन अडते. हा गुणाकार तिपाईकरांना तोंडपाठ असतो. प्रत्येक बॅटरीवर त्यांनी चिकटपट्टी लावून आकडा लिहिलेला असतो आणि टोकांवर टेप मारलेली असते. नियम इतक्या मनापासून पाळणारा प्रवासी रांगेत दुसरा नसतो. मागची मावशी चिवड्यासाठी सुकं खोबरं घेऊन आलेली असते. ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात मोडतं हे तिला ठाऊक नसतं, आणि सांगितलं तरी पटत नाही.

तिपाईकरांचा एक पंथ पुन्हा फिल्मच्या रोलकडे वळलाय, आणि त्यांच्या बाबतीत तर भूमिकाच उलट्या होतात. हँडबॅगेसाठी आता जी नवी सीटी स्कॅनर यंत्रं येताहेत, त्यांच्यातून एकदा गेलं तरी न धुतलेली फिल्म धुरकटू शकते. फिल्म बनवणाऱ्या कोडॅकनेच तसं बजावलं आहे. तेव्हा सगळी दुनिया "माझी बॅग उघडू नका" म्हणत असताना हा एकटा गृहस्थ पारदर्शक पिशवीत रोल घालून जवानाला विनवतो, "सर, कृपया हाथ से चेक कीजिए." यंत्रावर विश्वास नाही, माणसाच्या हातावर आहे. सुरक्षेचा जवान तरी याहून वेगळं काय म्हणतो? पडद्यावर दिसलं ते पुरेसं नाही, बॅग उघडून हाताने पाहतो.

तिसरा आक्षेप मात्र तिपाईकरांकडून येत नाही, विचार करणाऱ्या वाचकाकडून येतो. तो म्हणेल, ही तुलनाच अन्यायाची आहे. तिपाईकरांचं 'लागलं तर' चुकलं तर एक सारस निसटतो. जवानाचं 'झालं तर' चुकलं तर दीड-दोनशे माणसांच्या जिवावर बेततं. हे मान्य करायलाच हवं, आणि मान्य केल्यावर निकालही लागतो. दोन सावध माणसांपैकी ज्याच्या सावधपणाची किंमत कमी, त्याने माघार घ्यावी. तीही फार मोठी नाही. काच आणि बॅटऱ्या वर, पोलाद खाली, एवढी विभागणी पुरते. लेन्स एकीवर एक न रचता शेजारी शेजारी ठेवल्या तर पडद्यावरचा काळा ढीगही उरत नाही. ट्रायपॉडच्या प्लेटला बहुधा खाच किंवा कडी असते. कडी बोटांनी फिरते आणि खाचेत एक रुपयाचं नाणं बसतं. नाण्यावर जगातल्या कोणत्याही विमानतळाने अजून हरकत घेतलेली ऐकिवात नाही. हे तिपाईकरांना माहीत नाही असं नाही. तरी मल्टिटूल हातबॅगेत राहतंच, कारण चेक-इनची बॅग हरवली तर? मग टेबलापाशी दोनच वाटा उरतात: मागे फिरून ते सामानात टाकून यायचं किंवा तिथल्या खोक्यात सोडायचं. पोचवायला आलेल्या मुलाला आपल्याकडे सहसा दाराच्या आत प्रवेश नाही, आणि तो एव्हाना घरी जाऊन झोपलेला असतो. तिपाईकर घड्याळ बघतात, मल्टिटूल सोडतात आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात नवं मागवतात. चाकूची पाती नसलेली मल्टिटूलं खास अशा लोकांसाठी निघालीत, पण त्यांचं समाधान त्यात होत नाही. टेप कापायची वेळ आली तर?

तेव्हा या भावाभावांत समेट घडवायचा तर माझी एक सूचना आहे. निवृत्त तिपाईकरांना विमानतळांनी एक्स-रेच्या पडद्याशेजारी सल्लागार म्हणून बसवावं. निळ्या नळकांड्यातली मॅक्रो कोणती आणि टेलिफोटो कोणती, हे ते एका नजरेत सांगतील. बॅटरीचा वॉट-अवर तोंडी काढतील. रबरी फुग्याला घाबरणार नाहीत. आणि ज्या बॅगेत खरोखर काही गडबड असेल ती त्यांच्या नजरेतून सुटणार नाही, कारण बॅग कशी भरावी यावर त्यांची मतं ठाम आहेत. पगाराचीही अट नसेल. अडचण एकच दिसते. रांग पुढे सरकणार नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या बॅगेपाशी पट्टा थांबेल, तिपाईकर चष्मा वर करून उठतील आणि मालकाला बोलावून विचारतील, "ही झूम कितीला पडली हो? आणि ॲलन की नाही आणलीत बरोबर?"