अकरा वर्षांच्या रजेचा अर्ज

बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू करायची तर आपल्याकडे आधी कारण सांगावं लागतं. मधे काही महिने दुकान बंद ठेवलेल्या वाण्याकडे सुतळीचं बंडल मागा, आधी त्याच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐकावं लागतं, मग सुतळी मिळते. भजनी मंडळात दोन गुरुवार चुकलेली बाई टाळ हातात घेण्याआधी नणंदेच्या मुलीचं बाळंतपण सांगते. तिथे निदान समोर माणसं असतात. पण डायरी? ती कोणी वाचू नये म्हणून तर आपण ती कपाटात नऊवारीच्या घडीखाली ठेवतो. तरीही खंड पडल्यावर पुन्हा पेन उचललं की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे.’ कोणाला सांगतो आपण हे? वहीला माहीत असतं. कोरी पानं तिच्याच पोटात आहेत.

माझ्या जुन्या डायऱ्यांत हे वाक्य ठिकठिकाणी सापडतं. त्याच्या पाठोपाठ ‘आजपासून मात्र रोज’, आणि त्याच्या पाठोपाठ इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब. जानेवारीत माझं अक्षर टपोरं असतं आणि विचार उदात्त. एखादा सूर्योदयही असतो. फेब्रुवारीत वाक्यं आखडत ‘पाहुणे. दमले.’ एवढ्यावर येतात. मार्चमध्ये मुलीची परीक्षा, आयकर किंवा वाळवणं यांपैकी कोणीतरी डायरीचा बळी घेतं. पुढच्या कोऱ्या पानांत कुठेतरी एक फोन नंबर असतो, नाव नसलेला. असा एक नंबर मी एकदा लावून पाहिला. पलीकडून एका बाईंनी ‘आपण कोण?’ असं विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं.

यंदा जी डायरी उघडली ती २०१५ ची. विकत घेतलेली नव्हती. डायरी विकत घेणं आमच्या घरात उधळपट्टीत मोडतं. मामेसासरे एका पतसंस्थेचे तज्ज्ञ संचालक होते, त्यांनी आणून दिली होती. सुरुवातीची पानं संचालक मंडळाच्या फोटोंची. चेअरमनना अख्खं पान, व्हाइस चेअरमनना अर्धं, आणि तज्ज्ञ संचालक एका पानात सहा. पुढे गावोगावच्या अंतरांचा तक्ता, मैलांचे किलोमीटर कसे करायचे ते, आणि सुट्ट्यांची यादी. ती पतसंस्था आता नाही. ठेवीदार आहेत.

त्यानंतर वैयक्तिक माहितीचं पान. ते मी मन लावून भरलं होतं. दूरध्वनी, ०२५३ पासून सुरू होणारा. तो आम्ही केव्हाच परत केला. वाहन क्रमांक, विकलेल्या स्कूटीचा. चष्म्याचा नंबर या रकान्यात मी ठसक्यात ‘नाही’ लिहिलं होतं, आणि ते वाचायला मला चष्मा शोधावा लागला. वजनाचा आकडा पाहून नवऱ्याने निरागसपणे विचारलं, ‘‘ही कोणाची डायरी आहे?’’ रक्तगट तेवढा टिकून होता.

इतकी जुनी डायरी रद्दीत न देता मी तिच्यात पुन्हा लिहायला बसले ते भावनेपोटी नव्हे, हिशेबापोटी. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून प्रत्येक तारखेचा वार दर वर्षी एकाने पुढे सरकतो, आणि मधे २९ फेब्रुवारी आली तर दोनाने. २०१५ ते २०२६ ही अकरा वर्षं. त्यांत २०१६, २०२० आणि २०२४ ही तीन लीप वर्षं. अकरा आणि तीन चौदा, म्हणजे बरोबर दोन आठवडे. तेव्हाची १ जानेवारी गुरुवारी होती, यंदाचीही गुरुवारीच आली. वर्षभर तारखेला तारीख, वाराला वार चोख जुळतो. त्या पतसंस्थेकडून मुदतीनंतर पूर्ण परत मिळालेली ही एवढी एकच गोष्ट.

सण मात्र जुळत नाहीत. डायरीत छापलेला पाडवा २१ मार्चला, यंदाचा १९ ला. छापलेले गणपती १७ सप्टेंबरला, यंदा १४ लाच येणार. लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरवरून ८ वर. चंद्राच्या तालावर चालणाऱ्यांनी सूर्याच्या वहीत बसावं अशी अपेक्षाच चूक. योगायोग असा की दोन्ही वर्षांना अधिक महिना. तेव्हा आषाढ, यंदा ज्येष्ठ. म्हणजे जावयाला तेहतीस अनारसे त्या वर्षीही होते, या वर्षीही आहेत. अनारशांचं पीठ बिघडण्याचीही तीच परंपरा आहे, पण तो विषय डायरीत लिहिण्यासारखा, इथे नको.

माझं २०१५ चं लेखन संपलं होतं १९ फेब्रुवारीला. शिवजयंती, गुरुवार. पानावर एवढंच : ‘सुट्टी. हजाराची नोट मोडून भाजी आणली. उद्या सविस्तर.’ खाली सगळं पान मोकळं. यंदाही १९ फेब्रुवारी, शिवजयंती, गुरुवार, सुट्टी. ‘उद्या सविस्तर’च्या खालच्याच ओळीवर मी पेन टेकवलं. त्या दोन ओळींमधल्या बोटभर जागेत हजाराची नोट रद्द झाली, एक महामारी येऊन गेली, तेव्हा परीक्षेला घाबरणारी मुलगी दुसऱ्यांच्या मुलांच्या परीक्षा घ्यायला लागली. आणि माझा हात सवयीने ‘बऱ्या...’पर्यंत पोचलाही होता.

म्हटलं, खुलासाच करायचा तर रीतसर करू. रजेचा अर्ज शाळेत शिकवलेलाच आहे. ‘मा. डायरी, यांस. विषय : अकरा वर्षांची रजा मंजूर करणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करते की...’ इथपर्यंत झकास झालं. पुढे कारण. शाळेत कारण एकच असायचं, ताप. अकरा वर्षांचा ताप कोण मान्य करील? कचेऱ्यांमध्ये ‘घरगुती कारणास्तव’ चालतं, पण डायरीपुढे ते कसं चालणार? घरगुती कारणं लिहायलाच तर तिला ठेवलेली. शिवाय रजा आधी मागायची असते. आधी गैरहजर राहून मग मागितली तर तिला कार्योत्तर मंजुरी म्हणतात, आणि ती फाइल वरिष्ठांकडे जाते. माझ्या डायरीत वरिष्ठ म्हणजे चेअरमनसाहेब, पान एक, फेटा बांधलेले. त्यांचीच चौकशी चालू आहे.

मग मोठी माणसं काय करतात ते आठवून पाहिलं. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १ जानेवारी १६६० ला डायरी धरली. लघुलिपीत लिहायचा, त्यामुळे नऊवारीखाली ठेवायची गरज नव्हती. १६६६ मध्ये लंडन जळत असताना या गृहस्थाने जमिनीत खड्डा करून वाइन आणि पार्मेझान चीज पुरलं, आणि तेही इमानाने टिपून ठेवलं. मला हा माणूस फार आवडतो. आमच्याकडे तशी वेळ आली तर सासूबाई पहिल्यांदा लोणच्याची बरणी उचलतील, पण लिहून ठेवणार नाहीत. तर या पीप्सने ३१ मे १६६९ ला, डोळे जातील या धास्तीने, डायरी थांबवली. डोळे गेले नाहीत. पुढे १७०३ पर्यंत, जवळजवळ तीन तपं तो जगला, पण ती डायरी काही पुढे चालली नाही. माझा दाट संशय आहे की पहिल्या वाक्यावरच अडलं असणार.

उलट आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ १९७९ ची आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ थेट २०१० ची. मधे एकतीस वर्षं. मराठी वाचकाने रजेचा अर्ज मागितला का? नाही. त्याने पुस्तक आणलं आणि लगेच भांडायला बसला.

आणि आमच्या नाशिककरांना तर याची वेगळी शिकवण नको. गुरू राशिचक्र फिरून पुन्हा सिंहेत यायला बारा वर्षांहून थोडा कमी वेळ घेतो, म्हणून सिंहस्थ साधारण बारा वर्षांनी येतो. मागचा २०१५ चा, आता यंदा ३१ ऑक्टोबरला पुन्हा ध्वजारोहण आहे. इतकी वर्षं गैरहजर राहून आलेल्या त्या गुरूला गंगेवर कोणी अडवून विचारत नाही, ‘काय हो, बऱ्याच दिवसांनी?’ उलट त्याच्यासाठी रस्ते खणतात.

पण माझं गाडं सुटलं ते यांतल्या कोणामुळेच नव्हे. ते सुटलं सासूबाईंच्या कालनिर्णयमुळे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये हे कॅलेंडर काढलं ते पंचांग घरोघरी पोचावं म्हणून. सासूबाईंनी त्याचा दप्तरखाना केला. पाठीमागच्या पाककृतींसाठी त्या जुनी कॅलेंडरं टाकत नाहीत, आणि पुढच्या बाजूला प्रत्येक चौकोनात बॉलपेनने बारीक नोंद असते. ‘दूध १ ली. जादा.’ ‘गॅस लावला.’ ‘बाई नाही.’ माझी हरवलेली वर्षं शोधायला मी तो गठ्ठा खाली काढला. २९ ऑगस्ट २०१५, सिंहस्थातली पहिली मोठी पर्वणी, देशभरातले साधू गावात, आणि चौकोनात : ‘दूध आलं नाही. रस्ते बंद.’ २०२० च्या मार्चमध्ये एका चौकोनात ‘बाई नाही’ आहे आणि पुढे पानंच्या पानं ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. त्या साथीवर याहून नेमकं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

एका वर्षी मात्र सलग चौकोन कोरे दिसले. मला मनातून बरं वाटलं. विचारलं, ‘‘आई, इथे मधेच तुमचा खंड पडला?’’

‘‘अगं, तेव्हा मी पुण्याला धाकट्याकडे नव्हते का? तिथलं दूध त्याचं. मी कशाला लिहू?’’

‘‘आणि परत आल्यावर?’’

‘‘परत आल्यावर इथलं दूध सुरू झालं.’’

कॅलेंडर पाहिलं. कोऱ्या चौकोनांनंतरची पहिली नोंद : ‘दूध अर्धा ली.’ खुलासा नाही, संकल्प नाही, सूर्योदय तर नाहीच. इतक्या वर्षांच्या माझ्या साहित्यसेवेत हे एक वाक्य मला जमलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही, आमच्या घरातल्या खऱ्या लेखिका त्या आहेत, मी जानेवारीपुरती.

मग मी ते ‘बऱ्या...’ खोडलं आणि खाली लिहिलं : ‘मेथी आणली. जून निघाली.’ दुसऱ्या दिवशी त्या जून मेथीचं काय झालं ते. डायरी चालू आहे. मार्चही ओलांडला, वाळवणं असूनही. फक्त १९ फेब्रुवारीचं माझं जुनं आणि नवं लेखन एकाच पानावर आल्याने पुढेमागे कोणी वाचलं तर त्याला वाटेल की या बाईने सकाळी हजाराची नोट मोडली आणि दुपारी मोबाइलवरून भाजीवाल्याला पैसे पाठवले. वाटू दे.

तुमच्याकडेही अशा डायऱ्या असतीलच, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एवढं पाहून घ्या. २०२१ ची असेल तर ती २०२७ ला चालेल. २०१८ ची २०२९ ला, २०१९ ची २०३० ला. २०१६ ची लीप वर्षाची, ती २०४४ पर्यंत थांबवावी लागेल. आणि २०२० ची, जी बहुतेकांची मार्चपासून पुढे कोरी करकरीत असणार, ती २०४८ ला वाराला वार जुळते. नीट जपून ठेवा. तेव्हा कागद महाग असेल.