धाकट्याची आश्विनी

आश्विन पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. चंद्र वर आला की पाट, पाटाभोवती रांगोळी, अंगात नवा सदरा, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, सोन्याची अंगठी आणि ओवाळून झालं की हातावर पैसे. याला आश्विनी म्हणतात. त्या वेळी धाकट्याने काय करायचं, हे कुठल्या शास्त्रात दिलेलं मला सापडलेलं नाही. आमच्या आईच्या शास्त्रात मात्र होतं. धाकट्याने रांगोळीवर पाय न देता बाजूला उभं राहायचं.

मी धाकटा आहे.

दादाला आश्विनीला नवा सदरा मिळायचा. वर्षभरात तो त्याला आखूड व्हायचा आणि पुढच्या आश्विनीच्या सुमारास माझ्या अंगावर यायचा. म्हणजे माझीही आश्विनी व्हायची, फक्त एक वर्ष उशिरा आणि कॉलर उलटवून घेतलेली. हे मी कुणाला कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं नाही असं मी म्हणतो. बायकोच्या मते लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीपासून मी दुसरं काही बोललेलोच नाही.

देवाने मला मुलगेही दोनच दिले. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात. यंदा दसऱ्याला आपट्याची पानं मोजता मोजता धाकट्याने विचारलं, "बाबा, आजी दादाले ओवाळते, मले काऊन नाही ओवाळत?" आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढची पानं मोजू लागला. दोन मिनिटांत त्याच्या डोक्यातून तो प्रश्न गेला. माझ्या डोक्यात मात्र पस्तीस वर्षं जुनं काहीतरी फणा काढून बसलं. ठरवलं, या घरात यंदा धाकट्याची आश्विनी होणार.

आमच्या वरोऱ्याचा शरद ऋतू कसा असतो तेही सांगून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा हात आहे. पुस्तकातला शरद निरभ्र, शीतल वगैरे असतो. आमच्याकडे पाऊस गेला की ऊन पुन्हा एकदा काय राहिलं ते बघायला येतं. दसऱ्याला मी कूलर पुसून माळ्यावर टाकतो आणि चार दिवसांनी, शेजाऱ्यांच्या देखत, परत खाली काढतो. सोयाबीन मळून राहिलेलं असतं, त्याची धूळ रस्त्याने घरात येते. कापसाची पहिली वेचणी सुरू होते. बाजारात सीताफळं आणि तळ्यांतले शिंगाडे येतात. आणि १ ऑक्टोबरला ताडोबाची दारं उघडतात.

तीन महिने पावसासाठी बंद असलेलं जंगल उघडलं की आम्हा वरोरेकरांचे नातेवाईक जागे होतात. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. मोहर्लीचं गेट आमच्यापासून तासाभरावर आहे. इथे जन्म गेला, पण मी अजून वाघ पाहिलेला नाही. पुण्या-मुंबईचा माणूस दोन दिवसांत तीन वाघ बघून जातो आणि जाता जाता मलाच वाघाच्या सवयी सांगतो. दुपारी तो आनंदवनात जातो आणि संध्याकाळी आमच्याच ओसरीवर बसून, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती कशी स्थापन केली, ते आम्हाला समजावून देतो. आम्ही "हो का?" म्हणतो. पाहुणचारात तेही येतं.

यंदा येणारा पाहुणा होता दादा. पुण्यात स्थायिक झालेला, वय अठ्ठेचाळीस. त्याने जिप्सी बुक केली ती नेमकी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची. सहा जागा: तो, वहिनी, पुतणी, माझे दोन पोट्टे आणि मी. वाघ दिसेल म्हणून मी खूश, आणि "इतक्या वर्षांनी माझ्या लेकराची आश्विनी माझ्या हाताने होऊन राहिली" म्हणून आई खूश. अठ्ठेचाळीस वर्षांच्या लेकरासाठी तिने लगेच सदऱ्याचं कापड आणून शिवायला टाकलं. माप तिला पाठ होतं. लग्नाच्या वेळचं.

मी आईकडे विषय काढला.

"आई, यंदा धाकट्यालाही ओवाळू."

"ज्येष्ठ एकच राहते बाप्पा."

मी तयारीने गेलो होतो. म्हटलं, "आश्विन हे नाव अश्विनी नक्षत्रावरून. अश्विनीकुमार किती? दोन. मग ओवाळायचं एकालाच कसं?"

आईने वाती वळता वळता मान वर केली. "ते जुळे होते ना रे?"

"हो."

"तुमच्यात कोणी जुळे आहे का?"

वाद संपला. पुराणं मी वाचली, जिंकली ती. मग मी तो मार्ग धरला जो घराघरांतले धाकटे धरत आले आहेत: चोरून करायचं.

योजना साधी होती. आमची गच्ची गल्लीत सगळ्यांत मोठी, त्यामुळे कोजागिरीचं दूध तिथेच असतं. गल्लीतल्या मुलींची भुलाबाईही तिथेच बसते. एके काळी भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला यायची आणि महिनाभर माहेरपण घेऊन कोजागिरीला जायची. शाळा, शिकवण्या आणि परीक्षा यांनी तिचं माहेरपण आमच्या गल्लीत एका रात्रीवर आणलंय. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात भुलोजी आणि भुलाबाई, टिपऱ्या, गाणी आणि शेवटी खिरापत. खिरापत झाकणाच्या डब्यात असते. डबा हलवून दाखवायचा, मुलींनी ओळखायची. ओळखता आली नाही तर त्या घराचा मान वाढतो. आमच्या घरात मुलगी नाही, म्हणून आमचा मान दरवर्षी एवढ्यावरच अवलंबून असतो. मी उकडलेले शिंगाडे ठरवले. मुलींच्या डोक्यात लाडू, करंज्या, चिवडा. काळा काटेरी शिंगाडा कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. डबा धाकट्याच्या ताब्यात दिला आणि बजावलं, "आवाजावरून ओळखू आली नाही पाहिजे. काय करायचं ते तू पाहून घे." हे वाक्य मी बोललो नसतो तर हा लेख झाला नसता.

सगळे वर यायच्या आधी, साडेसात वाजता, मी गच्चीवर धाकट्याला ओवाळणार होतो. ताट कूलरमागे लपवलं होतं. अंगठी बायकोची, कपाटातून घेतलेली. "घेतलेली" हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. थोरल्याला दही आणायला चौकात पिटाळलं. दह्याची काही गरज नव्हती.

चंद्र छान वर आला होता. पाच लिटर दूध आटून, चारोळी-वेलची पडून, जाळीखाली चांदण्यात निवत होतं. मी धाकट्याला उलट्या बादलीवर बसवलं, कारण पाट खाली दादासाठी मांडला होता. मी ताट उचललं. मग लक्षात आलं की आपण आयुष्यात कुणाला ओवाळलेलं नाही. बायका किती सहज ओवाळतात! मला कळेना, ताट आधी डावीकडून न्यायचं की उजवीकडून. वाऱ्याने निरांजन गेलं. ते लावायला वाकलो, तोच जिन्यात टिपऱ्या वाजल्या. मुली अर्धा तास आधी आल्या होत्या.

मी गर्रकन वळलो आणि ताट वाकडं झालं. अक्षता गेल्या त्या सरळ दुधात. जाळी मीच मघाशी चव बघायला सरकवली होती. पाठोपाठ आवाज आला, "डुबुक."

ताटात पाहिलं. सुपारी नाही. अंगठी नाही.

सोनं पाण्याच्या १९ पट जड असतं, हे मी शाळेत शिकलो होतो आणि त्याचा उपयोग काय, असं तेव्हा मास्तरांना विचारलंही होतं. उपयोग आता कळला. अंगठी तळाशी असणार. दूध वरून वरून वाढत जायचं, तळाचं आपण ठेवायचं, अंगठी काढायची, पुसून कपाटात. सगळा हिशेब मी दोन सेकंदांत केला. एरवी घरखर्चाच्या हिशेबाला मला दोन रविवार पुरत नाहीत.

"आज दूध मी वाढणार," मी जाहीर केलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर मी पहिल्यांदा पळी हातात घेत होतो.

वहिनींनी पहिला घोट घेतला आणि थांबल्या. "भाऊजी, यात तांदूळ आहेत का?"

"विदर्भात अशीच पद्धत आहे," मी म्हणालो.

दादा याच घरात वाढलेला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पेल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वहिनींनी पेल्याचा फोटो काढला. पुण्यात आता तीन घरी कोजागिरीच्या दुधात तांदूळ घालतात, असं पुढे कळलं.

भांड्यात पाव हिस्सा उरला तेव्हा लोकांनी दुसरा पेला मागायला सुरुवात केली. मी भांड्याला कवेत घेतलं. शेजारचे काका म्हणाले, "अर्धा दे ना बे." म्हटलं, "काका, संपलं." भांडं तर सगळ्यांसमोर होतं. मुली खुदखुदल्या. एका काकूंनी बायकोला हळूच विचारलं, "त्यांची तब्येत बरी आहे ना?" आता एकच मार्ग होता. मी पळी टाकली, पेला बुडवला आणि प्यायला लागलो. एक, दोन, तीन. प्रत्येक घोट दातांनी गाळून. चौथ्या पेल्याला पाच-सहा चारोळ्या अंगठी वाटून गेल्या. सातवा पेला संपला तेव्हा तळाशी चांदण्यात काहीतरी चमकलं. हात घातला.

सुपारी होती.

अंगठी माझ्या पोटात गेली, की या पंचवीस माणसांपैकी कुणाच्या तरी, एवढाच प्रश्न आता उरला होता. मी गच्चीवरच्या प्रत्येक पोटाकडे संशयाने पाहू लागलो. काकांकडे जास्तच.

तिकडे भुलाबाईची गाणी आटोपली आणि खिरापतीची वेळ झाली. धाकट्याने डबा पुढे आणून जोरात हलवला. आतून आवाज आला, खणण्, खणण्. मुली चक्रावल्या. "नाणी!" "चॉकलेटची नाणी!" "चमचा घातलेला शिरा!" वीस-पंचवीस पदार्थ झाले, शेवटी त्या हरल्या. एवढा मान आमच्या घराला आजवर मिळाला नव्हता. झाकण उघडलं, तर काळ्या शिंगाड्यांच्या ढिगावर माझ्या बायकोची अंगठी.

"आवाज बदलावा म्हणून मीच टाकली," धाकटा छाती काढून म्हणाला. "बाबांच्या ताटातून पडली होती. ते मले वर बादलीवर बसवून ओवाळून राहिले होते ना, तेव्हा."

गच्चीवर शांतता झाली. टिपरीसुद्धा वाजेना.

बायको काही बोलली नाही. तिने अंगठी उचलली, पदराने पुसली आणि बोटात घातली. हे बोलण्यापेक्षा वाईट. आई म्हणाली, "बादलीवर?" तिला चोरीचं काही नव्हतं, पाटाचं होतं.

मग खाली रीतसर आश्विनी झाली. आधी दादा पाटावर बसला. सदऱ्याची मधली तीन बटणं लागेनात, म्हणून त्याने श्वास रोखून धरला होता. त्याला एकशे एक रुपये मिळाले. मग थोरला बसला. त्याला एक्कावन्न. मी धाकट्याला पुढे आणायला वळलो, तर तो दिवाणावर गाढ झोपला होता. त्याच्या मुठीत पंचवीस रुपये होते.

"हे कधी दिले?" मी थोरल्याला विचारलं.

"आत्ता. दसऱ्यालाच ठरलं आमचं. पंचवीस त्याचे, पंचवीस माझे, वरचा एक आजीचा. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही मला दह्याले पाठवलं."

मी दादाकडे पाहिलं. दादा घाईघाईने एकशे एक रुपये खिशात घालत होता.

सात पेल्यांनी रात्री दीड वाजता आपलं काम सुरू केलं. लक्ष्मी कोजागिरीला घरोघर "को जागर्ति" विचारत फिरते म्हणतात. आमच्या घरी तिला दर वीस मिनिटांनी मीच भेटत होतो. पहाटे चार वाजता दारात गाडी वाजली तेव्हा मी भिंत धरून उभा होतो. माझ्या जागेवर बायको बसली. जाताना तिने मला ओव्याची पुडी दिली आणि हात हलवला. बोटात अंगठी होती.

दुपारी ते परतले. वाघीण दिसली, दोन बछड्यांसह, पाणवठ्यावर, जिप्सीपासून वीस पावलांवर. दादाने मला वाघिणीच्या सवयी सांगितल्या. धाकटा माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, "बाबा, छोटा बछडा आधी पाणी प्यायला."

संध्याकाळी दादाची मंडळी निघाली. बॅग भरताना त्याने आईने शिवलेला सदरा बाहेर काढला, माझ्या खांद्याला लावून पाहिला आणि म्हणाला, "मला पोटावर बसत नाही रे. तुला होईल."

झाला. अगदी मापात. आणि या वेळी वर्षभर थांबावंही लागलं नाही.