बापाच्या नंबरावर

गूगल क्लासरूममध्ये बी. ए. प्रथम वर्षाचा वर्ग उघडला, की आधी नावांची यादी समोर येते आणि ती वाचताना मला नाटकाच्या हस्तपत्रिकेवरची पात्रं वाचल्याचा आनंद मिळतो. ‘जय मल्हार’, ‘किंग ऑफ सेनगाव’, ‘कृषी सेवा केंद्र’ आणि एक नुसताच ‘अ अ अ’. सगळ्यांनी इतिहास घेतलेला. हे कृषी सेवा केंद्र कोण, म्हणून चौकशी करावी, तर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी लाजत उभी राहते. मामाच्या दुकानातला जुना फोन फिरत फिरत तिच्याकडे आलेला असतो. खातं मामाचं, सिम वडलांच्या नावावरचं, रिचार्ज भावाचा, अभ्यास तेवढा तिचा.

ज्यांनी कुणी हे क्लासरूम बनवलं, त्यांच्या डोळ्यांपुढे एक एकटा विद्यार्थी असावा. त्याचा स्वतःचा फोन, स्वतःचा नंबर, दार लावून बसता येईल अशी खोली. आमच्या हिंगोली जिल्ह्यात पदवीला एकटं कुणी बसतच नाही, अख्खं घर बसतं. मार्च २०२०मध्ये कॉलेजं बंद पडली आणि वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा हे फार स्पष्ट ऐकू आलं. कुणाचा तरी माइक उघडा राहायचा आणि अशोकाच्या शिलालेखांवर शेळीचं मत नोंदलं जायचं. एकदा हजेरी घेताना एका मुलाच्या नावाला त्याच्या आईनं ओ दिली. ‘‘वावरात गेलाय सर. तुम्ही सांगा, मी ऐकायलेय.’’ मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासावरचं ते व्याख्यान माउलीनं शेवटपर्यंत ऐकलं. कुणाला शंका आहे का, असं विचारल्यावर ‘‘नाही’’ म्हणाली. माझ्या वर्गात इतक्या ठामपणे ते कुणीच म्हटलेलं नव्हतं.

गृहपाठ म्हणजे वहीच्या पानाचा फोटो. त्यात पान असतंच, शिवाय बाजेची सुंभाची वीण असते, पाण्याच्या तांब्याची कड असते आणि कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून दाबून धरलेला एक अंगठा असतो. जानेवारी उलटला, वसमत-कळमनुरीकडे हळदीची काढणी सुरू झाली, की हे अंगठे पिवळे होऊ लागतात. कुणी कुणाची वही उतरवली, हे अक्षरावरून कळत नाही कधीकधी. पण घरची हळद निघाली की मजुरीला गेले, हे अंगठ्यावरून कळतं. क्लासरूमला यातलं काही दिसत नाही. ज्यांचा फोटो चढत नाही, त्यांच्या नावापुढे ते लाल अक्षरात ‘मिसिंग’ लिहितं. अशी एखादी मिसिंग मुलगी माझ्यासमोर, पहिल्या बाकावर, ‘सर, पीडीएफ कशी करायची?’ म्हणून उभी असते.

एमएस-सीआयटी नवीन होतं, तेव्हाची संगणकाची खोली मला आठवते. तो गाभाराच होता. चपला बाहेर, पडदे ओढलेले, गावात कुठं नसेल असा गारवा आणि माउसला हात लावण्याआधी विजारीला हात पुसून घ्यायचे. आता तो देव गाभारा सोडून बापाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी राहायला आला आहे. सोवळं गेलं, पण प्रसन्न होण्याच्या त्याच्या अटी काही सैल झाल्या नाहीत.

गाभारा म्हटलं, की आमच्याकडे औंढा नागनाथ. नरसीचे नामदेव गुरू शोधत आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव, म्हणाले आणि नामदेवांना अशी जागाच सापडेना. रेंजच्या बाबतीत आमच्या मुलांची साधना नेमकी उलटी आहे. रेंज आहे अशी जागा शोधायची. ती गच्चीच्या एका कोपऱ्यात असते, कठड्याबाहेर हात काढला तर. नामदेवांच्या कीर्तनासाठी इथलं देऊळ फिरलं म्हणतात. टॉवर फिरत नाही, मुलंच फिरतात.

आणि याच औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे! एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींसाठी कान टवकारून बसणार. २०१५ साली अमेरिकेतल्या वेधशाळांनी टिपलेली पहिली लहर दोन कृष्णविवरांच्या मिलनातून सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. एवढा उशीर होऊनही तिला कुणी ‘एक्सपायर्ड’ म्हटलं नाही. आधारच्या ओटीपीला मात्र दहा मिनिटं.

हा ओटीपी आमच्या वाट्याला येतो तो एबीसी आयडी काढताना. एबीसी म्हणजे श्रेयांकांची बँक. मिळवलेले श्रेयांक तिथं जमा राहतात, शिक्षण मध्येच सुटलं तर पुढं वापरता येतात. २०२१ पासूनची योजना. खातं डिजिलॉकरमधून उघडायचं, ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर जाणार, नंबर वडलांचा आणि वडील वावरात, हळद शिजवायच्या कुकरपाशी. परवा त्या कृषी सेवा केंद्रानं वर्गातून फोन लावला.

‘‘बाबा, मेसेज आला का? सहा आकडे सांगा.’’

‘‘आलाय. पण कोणालाच सांगायचं नाही म्हणतेत ते.’’

‘‘मी बोलायलेय बाबा!’’

‘‘ते कळायलंय. पण बँकेचे साहेब गावात येऊन सांगून गेलेत, घरच्यालाबी सांगायचं नाही.’’

तिनं हताश होऊन फोन माझ्याकडे दिला. मी तिचा सर बोलतोय, असं म्हटलं. ‘‘असं तर सगळेच म्हणतेत,’’ पलीकडून उत्तर आलं. कुकरच्या वाफेचा आवाज येत होता. मग त्यांनी थोडा विचार करून लेकीला विचारलं, ‘‘आपल्या गाईचं नाव काय?’’

‘‘कपिला,’’ ती भर वर्गात म्हणाली. तिचे कान लाल झाले.

खात्री पटली. एकेक आकडा दोनदोनदा उच्चारून आला, तोवर मुदत संपली होती. दुसरा ओटीपी मागवला. ‘‘आता गाईचं परत विचारू का?’’ त्यांनी विचारलं. नको म्हटलं. बारा आकड्यांचा आयडी पडद्यावर उमटला आणि तिनं बँकेत खातं निघाल्याचं त्यांना सांगितलं.

‘‘पैसे किती टाकले?’’

‘‘पैसे नाही बाबा, मार्क असतेत त्यात.’’

ते जरा थांबले. ‘‘सरांना दे,’’ म्हणाले. आणि मला विचारलं, ‘‘किती वर्षं राहतेत हो ते तिथं?’’

‘‘सात वर्षं.’’

‘‘मग ऱ्हाऊ द्या. पावणे यायलेत तिला पाहायला, पण ते ऱ्हाऊ द्या तिथंच.’’