मेडिकलचं भविष्य वर्तवणाऱ्या समस्त नौपाडाकरांस

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
जून 2025

गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, विष्णुनगर आणि भास्कर कॉलनी येथील तमाम हितचिंतक काका-काकू, क्लासचालक, समुपदेशक आणि मोबाइलमध्ये मुक्कामाला असलेले कॉलेज प्रेडिक्टर यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, 14 जूनला नीटचा निकाल लागला, आमच्या कन्येला 720 पैकी 498 गुण मिळाले आणि तेव्हापासून आमच्या दाराची बेल सारखी वाजते आहे. आपण सगळे येता, चहा घेता, 'किती?' विचारता, आकडा ऐकून डोळे मिटता आणि सांत्वनाच्या सुरात म्हणता, 'असू दे, डेंटल पण चांगलं असतं.' गेल्या वर्षी आपल्या भाच्याला 610 असूनही सरकारी कॉलेज मिळालं नव्हतं, तिथे 498 म्हणजे काय, हे आपण शिताफीने न बोलता सांगता. आपल्या या आपुलकीबद्दल आभार मानावेत म्हणून हे पत्र. खासगीत मानले असते, पण आपली संख्या पाहता टपालखर्च परवडला नसता.

आपला भाचा 2024 चा. त्या वर्षी आधी 67 मुलांना पैकीच्या पैकी मिळाले. मग ग्रेस गुण परत घेतले गेले, काहींची फेरपरीक्षा झाली, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं नेमकं उत्तर कोणतं हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला दिल्लीच्या आयआयटीला विचारावं लागलं आणि शेवटी 720 वाले 17 उरले. त्याच वर्षी 650 च्या वर तीस हजारांहून जास्त मुलं होती. यंदा देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 आहेत आणि 650 च्या वर अख्ख्या भारतात 73 जण. भौतिकशास्त्राचा पेपर असा निघाला की मुलं परीक्षा केंद्राच्या फाटकातून रडत बाहेर आली. गेल्या वर्षी 498 ला देशात क्रमांक दोन लाखांच्या पलीकडे गेला असता, यंदा तो पन्नास हजारांच्या आसपास आहे. म्हणजे आपला 610 वाला भाचा आणि आमची 498 वाली मुलगी यांची तुलना करायला लागणारी हिंमत फक्त आपल्यापाशी आहे. गुण सांगितले की आपण हळहळता. क्रमांक सांगायला गेलो तर म्हणता, 'ते असू दे, पण मार्क किती?'

तळमजल्यावरच्या काकांचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के. त्यांनी वीजबिलाच्या पाठीवर राज्याच्या जागांची फोड करून दाखवली. अनुसूचित जाती 13 टक्के, जमाती 7, विमुक्त-भटके 11, इतर मागास 19, एसईबीसी 10, आर्थिक दुर्बल 10, झाले 70. आणि मुली 30. बेरीज शंभर! पेन खाली ठेवून काका म्हणाले, 'घ्या, ओपनला शून्य.' मी हळूच म्हटलं की मुलींचे 30 टक्के आडवे असतात, प्रत्येक प्रवर्गाच्या पोटात, त्यामुळे त्यांची वेगळी बेरीज होत नाही. उलट आपलीच मुलगी असल्याने ते आपल्या बाजूचे आहेत. काकांनी बिल उलटं करून पुन्हा पाहिलं. 'मग आडवे कशाला म्हणतात? लिहिताना तर उभेच येतात.' त्या बिलाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती, हे त्या निमित्ताने लक्षात आलं.

मग प्रेडिक्टर महाराज. आपण सगळ्यांत शास्त्रशुद्ध. आपण आधी गुण विचारता, मग प्रवर्ग, मग राज्य, आणि उत्तर सांगण्याच्या ऐन क्षणी मोबाइल क्रमांक. ओटीपी टाकला की निळ्या पट्टीवर आकडा येतो : 62 टक्के शक्यता. पावसाची 62 टक्के शक्यता असली तर माणूस छत्री तरी घेऊन निघतो. 62 टक्के प्रवेशाचं काय घेऊन निघायचं, हे आपण सांगत नाही. आपल्या पोटात असतो तो गेल्या वर्षीचा कट-ऑफ. त्याला यंदाचा भाव लावायचा कसा, हे तुम्हालाही ठाऊक नसावं, म्हणून तुम्ही टक्क्यांत बोलता. पाच मिनिटांनी मात्र एका गोड आवाजाच्या ताईंचा फोन येतो आणि जॉर्जिया, फिलिपिन्स, उझबेकिस्तान या देशांत हवापाणी किती छान आहे ते कळतं. तिथे जायलाही नीटची पात्रता लागते, हे ताई शेवटी सांगतात. 'पण तुमच्या मुलीची आहे ना सर, मग काय!'

पात्रतेवरून आठवलं. गोखले रोडवरच्या फ्लेक्सवर यंदाही छायाचित्रांची दाटी आहे आणि खाली ठळक अक्षरांत 'नीट क्वालिफाइड'. यंदा खुल्या प्रवर्गातल्या पात्रतेची रेषा 144 वर आली. परीक्षेला बसले बावीस लाख, पात्र ठरले बारा लाखांहून अधिक, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे फ्लेक्सवरच्या दर दहा चेहऱ्यांमागे एकाला जागा. क्लासचालकहो, आपण खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, हे मी मान्य करतो. पात्र म्हणजे पात्र. फी भरताना पालकाने तो शब्द प्रवेश असा वाचला, तर दोष पालकाच्या चष्म्याचा.

आता आपल्या सगळ्यांच्या शास्त्रातली एक उणीव नम्रपणे दाखवतो. सरकारी कॉलेजची फी वर्षाला दीड लाखाच्या घरात आहे. राज्यातल्या खासगी कॉलेजांत ती कैक पटींनी जास्त, त्यातल्या पंधरा टक्के संस्थास्तरावरच्या जागांची आणखी वेगळी. आणि अभिमत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या वर. या अभिमत जागांना आपलं डोमिसाइल लागत नाही, राज्याचा 85 टक्क्यांचा कोटा लागत नाही. लागते फक्त पात्रता आणि चेकबुक. त्यामुळे कित्येक लाखांवर क्रमांक असलेला मुलगा तिथे जातो आणि पन्नास हजारांवरची मुलगी पुढच्या वर्षी रिपीटर म्हणून पुन्हा त्याच क्लासच्या पायऱ्या चढते. एवढे प्रश्न विचारणारा प्रेडिक्टर 'वर्षाला किती भरू शकता?' हे विचारत नाही. काकांनीही विचारलं नाही. नौपाड्यात जात विचारतात, गुण विचारतात, फ्लॅटचा कार्पेट एरिया विचारतात. पगार विचारणं असभ्य मानतात. एवढी एक सभ्यता सोडली तर आपलं निम्मं भाकीत खरं ठरेल.

भाकिताचा हा धंदा महाराष्ट्रात कधीच सुखाचा नव्हता, हेही आपल्या बाजूने सांगायला हवं. 2016 मध्ये 5 मे रोजी मुलांनी राज्याची सीईटी दिली, तोवर न्यायालयाने नीट सक्तीची केली होती, मग 24 मे रोजी अध्यादेश येऊन त्या वर्षापुरती राज्याच्या जागांना सूट मिळाली. 2020 मध्ये परीक्षा तोंडावर असताना 70:30 चं प्रादेशिक सूत्र रद्द झालं आणि मराठवाडा, विदर्भ, उर्वरित महाराष्ट्र असे जुने कट-ऑफ जपून ठेवलेल्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. 2024 मध्ये मराठा आरक्षणाचा, म्हणजे एसईबीसीचा, कायदा आला. एवढं होऊनही आपण दर जूनला ताज्या उमेदीने सांगायला बसता, याचं मला खरोखर कौतुक आहे. लातूरच्या शिकवण्यांनी मुलं घडवली. आपण ती नुसत्या तोंडाने घडवता.

तुमच्या प्रेडिक्टरमध्ये मी परवा गंमत म्हणून कल्याणची एक उमेदवार भरून पाहिली. जन्म 1865, वय 18, लग्न झालेलं, मॅट्रिकचं प्रमाणपत्र नाही, प्रवेश परीक्षा नाही, आवडीचं कॉलेज फिलाडेल्फिया. यंत्र म्हणालं, गुण भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आनंदीबाई जोशींनी 1883 मध्ये कॉलेजला पत्र लिहिलं होतं, आपली तयारी अपुरी आहे हेही त्यात कबूल केलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांना प्रवेश मिळाला. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. तेव्हाचा नियम आज लावा, असं मी म्हणत नाही. बावीस लाख पत्रं वाचायला कोण बसणार? पण तेव्हा कल्याणात आपल्यासारखे हितचिंतक भरपूर असणार आणि त्यांनीही शक्यता शून्यच सांगितली असणार, एवढं नक्की.

असो. प्रार्थना इतकीच. सीईटी सेलची राज्य गुणवत्ता यादी लागेपर्यंत आमच्याकडे यावं, चहा घ्यावा, मामलेदारची मिसळ आणली तर तीही घ्यावी, पण 'होईल का?' विचारू नये. यादीतला क्रमांक आल्यावर खुशाल विचारा. तोवर देशातल्या क्रमांकावरून राज्याचं सांगणं म्हणजे अंदाजावर अंदाज. चॉइस फिलिंगच्या वेळीही कृपा करा. 'वर केईएम टाकू नका, चॉइस वाया जातो' हा सल्ला या परिसरात पंचवीस जणांनी दिला आहे. चॉइस वाया जात नाही. जे खरंच हवं ते वर, त्याखाली त्याहून कमी हवं ते, आणि जिथे मिळालं तरी जाणार नाही ते मुळीच नाही. कळव्याचं महापालिकेचं कॉलेज आहे, गेल्या वर्षीपासून अंबरनाथला सरकारी झालं आहे, शंभर जागांचं. ही दोन्ही लोकलच्या अंतरावर आहेत म्हणून कमी प्रतीची, असं समजणाऱ्या काकूंनी एकदा तिथली बाह्यरुग्ण विभागाची रांग पाहावी.

आणि मुलीला थेट काही विचारू नये. ती सध्या झोपते आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी करावा ही विनंती.

आपला,
एक पालक

ता. क. : पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी बारावी आहे त्यांच्यासाठी. राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच लागते. मुलाला अकरावी-बारावीला राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवून राज्याच्या कोट्यावर हक्क सांगता येत नाही, कॉलेज इथलंच हवं. डोमिसाइल डिसेंबरातच काढून ठेवा, आणि लागत असेल तर नॉन-क्रीमी लेअरही वेळेत. निकालानंतर तहसील कचेरीत उभं राहायला जागा नसते.