तोंड दाखवायला जागा

नागपुरी माणसाचं तोंड दिवसभर कामात असतं. सकाळी तर्री-पोहे, दुपारी गोळाभात, संध्याकाळी पाटोडी-रस्सा, रविवारी सावजी, आणि मधल्या वेळात तोंडाला कंटाळा येऊ नये म्हणून गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. उरलेल्या वेळात ते बोलतं. एवढं राबणाऱ्या तोंडाच्या आत काय चाललंय, हे पाहायला मात्र कोणी जात नाही. शुगरवाले तर नाहीच नाही.

शुगरवाल्यांबद्दल मी अधिकाराने बोलतो, कारण मी त्यांच्यातलाच. अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळीत ज्याला शुगर नाही त्याला जरा परकंच वाटतं. आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. २०२३ मध्ये हा आकडा जाहीर झाला तेव्हा आम्हाला त्यात नवल वाटलं नाही, आमचा बाक भरलेलाच होता. त्या बाकावर कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी आणि विजयसारचा पेला असे चार पंथ आहेत. ज्याची शुगर सगळ्यात जास्त, त्याचा सल्ला सगळ्यात ठाम.

आम्ही निष्काळजी आहोत असं मात्र समजू नका. डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासतो. क्रिएटिनिन पाठ असतं. तळपायाला साधी भेग पडली तरी घरात बैठक बसते. पण ब्रशवर रक्त दिसलं, तर आम्ही ब्रश बदलतो. आमच्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू. त्यांनी आधी ब्रश बदलला, मग पेस्ट बदलली, मग नळाच्या पाण्यावर संशय घेतला. शेवटी पुढचा दात हलायला लागला, तेव्हा वहिनींनी मला बोलावून सांगितलं, "भाऊजी, यांना घेऊन जा बाप्पा कुठंतरी. पाटोडी खाताना घाबरून राहिले."

कुठंतरी म्हणजे डेंटल. शासकीय दंत महाविद्यालय हे त्याचं पूर्ण नाव, १९६८ सालचं, मेडिकल कॉलेजच्या परिसरात. तिथं पायरियाचा, म्हणजे हिरड्यांच्या रोगाचा, वेगळा विभाग असतो हे भाऊसाहेबांना माहीत नव्हतं. त्यांची समजूत अशी की दाताच्या डॉक्टरकडे एकच हत्यार असतं, पक्कड.

तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं आणि खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत घालून मोजमाप सुरू केलं. त्या आकडे बोलत होत्या आणि शेजारची विद्यार्थिनी लिहून घेत होती. "पाच, सहा, पाच. चार, सात, सहा." हाऊजी चालू असल्यासारखं वाटत होतं. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते, हे मला तिथं कळलं. भाऊसाहेबांना लाइन लागली होती.

"काका, शुगर किती?"

"साडेआठ."

"तीन महिन्यांची?"

तोंडात सळई असल्यामुळे भाऊसाहेबांनी डोळ्यांनी होकार दिला.

"मग हिरड्या अशाच राहणार. आणि हिरड्या अशा राहिल्या तर शुगर खाली यायलाही त्रास देणार."

बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे पटणं कठीण. आधी कर्ज की आधी थकबाकी, हे त्यांना ठरवून लागतं. "म्हणजे शुगरनं पायरिया का पायरियानं शुगर?"

"दोन्ही," असं म्हणून त्या पुढच्या दाताकडे वळल्या.

उत्तर लहान होतं, पण त्यामागे बरंच आहे. शुगर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखम भरायला वेळ लागतो; मग हिरडीखालच्या कीटणात जंतूंना रान मोकळं. उलट बाजूने, सुजलेल्या हिरडीतून दाह वाढवणारी रसायनं रात्रंदिवस रक्तात जात राहतात आणि त्यांच्यामुळे शरीर इन्शुलिनला जुमानेनासं होतं. आणि सूज थोडीथोडकी नसते. पायरिया तोंडभर पसरला असेल तर आतल्या सगळ्या जखमा मिळून जवळपास तळहाताएवढी जागा होऊ शकते. तळहाताएवढी जखम पायावर असती, तर भाऊसाहेबांनी वसीयत केली असती. तोंडात होती म्हणून ते तर्री मागवत होते.

हॅराल्ड लोए या नॉर्वेत जन्मलेल्या दंतसंशोधकाने १९९३ मध्येच लिहून ठेवलं होतं की हिरड्यांचा हा रोग मधुमेहाची सहावी गुंतागुंत आहे. डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या आधीच्या पाच आम्हाला तोंडपाठ आहेत. सहावीची बातमी अंबाझरीपर्यंत यायला तीस वर्षं लागली.

आता दात साफ करणं हा शुगरचा उपाय कसा म्हणायचा? दाताचं काम औषधात धरायचं की नाही, हा घोळ आपल्या गावाला नवा नाही. नागपुरात किराणा दुकान चालवलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईला जाऊन १९५२ मध्ये विको कंपनी काढली. तिची वज्रदंती हे औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर पुढे अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला. नागपूरच्या अबकारी आयुक्तांचं प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तिथं औषधाची सरशी झाली. अर्थात कोर्टाने निकाल दिला तो कराचा. हिरडीखालचं कीटण कोणत्याही मंजनाने निघत नाही, ते अवजारानेच खरवडावं लागतं.

त्या खरवडण्याचा हिशेब मात्र झालेला आहे. कोक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ चाचण्या आणि ३,२४९ मधुमेही धरले होते. पायरियाची नीट सफाई केलेल्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, न केलेल्यांपेक्षा तीन-चार महिन्यांनी ०.४३ टक्क्याने कमी भरली, वर्षभराने ०.५० टक्क्याने. अपवादही आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ५१४ जणांच्या चाचणीत शुगर तसूभर हलली नाही. त्यावर टीकाकारांचं म्हणणं असं, की त्यांच्या हिरड्याच धड बऱ्या झाल्या नव्हत्या, मग शुगर कशाला हलेल?

हा अर्धा टक्का मी भाऊसाहेबांना घाबरतच सांगितला. मला वाटलं हसतील. पण या माणसाने पाव टक्का जास्त व्याजासाठी आयुष्यभराची ठेव एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेलेली आहे. "अर्धा टक्का?" ते उठूनच बसले. "आणि पोहे बंद नाही?"

खरी मोहिनी इथंच आहे. शुगरच्या इलाजात ताटातून काही काढून घेतलं जात नाही, असं हे दुर्मीळ प्रकरण. गोळ्या चालू ठेवायच्या, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. भाऊसाहेब सगळ्याला हो म्हणत गेले.

"आणि खर्रा बंद."

इथं शांतता पसरली. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली तेव्हाही नागपूर डगमगलं नव्हतं, कारण आपला माल पानठेल्यावर डोळ्यांदेखत पन्नीत घोटून मिळतो. भाऊसाहेबांनी तडजोड मांडली. "तंबाखू काढून नुसती सुपारी?"

"सुपारीनं तोंड उघडणं बंद होतं, काका. मग मी साफ कुठून करू?"

सफाई दोन-तीन बैठकांत झाली. थंड पाणी झोंबायचं आणि दातांमध्ये फटी दिसू लागल्या. कीटण गेल्यावर आणि सूज उतरल्यावर त्या दिसतातच, पण भाऊसाहेब आठवडाभर "सरकारनं माझे दात झिजवले" म्हणत फिरले. खर्रा सुटला की पानठेला बदलला, याची खात्री मी देत नाही.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, ८.१. बाकावर खळबळ उडाली. कारलेवाले सरकून जवळ आले. विजयसारवाल्यांनी पेला खाली ठेवला.

"काय घेऊन राहिले, भाऊसाहेब?"

"काही नाही जी. गोळ्या त्याच. दात साफ करून घेतले."

"ते झालं हो दाताचं," मेथीवाले म्हणाले. "शुगरसाठी काय घेता?"